रिकामी परात

नव्वदच्या दशकात मी बहरीनला मामाकडे राहून नोकरी करत होते. खाण्यापिण्याची चंगळ होती, पण चोविसाव्या वर्षी ‘कुठे निघालीस?’ला रोज उत्तर देऊन जीव मेटाकुटीला आला होता. शेवटी मी समुद्राकाठच्या अरादला एका बहरीनी म्हातारीच्या घरावरची खोली घेतली. खाऱ्या वाऱ्याने भिंतींचे पोपडे निघालेले, ओहोटीला समुद्राचा वास थेट उशीपर्यंत. मला तो राजवाडाच वाटला. मामाने अट घातली, “महिनाभर स्वतःचं करून खा. नाही जमलं तर यल्ला, चल घरी!”

पहिल्याच दिवशी म्हातारीने ताटलीभर मासे-भात वर पाठवला. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आईने मला अ-आ-ईच्या आधी शिकवलेलं. मी त्यात शिरा घालून दिला. दुर्दैवाने तिच्याही आईने तिला तेच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी ताटलीच्या जागी थाळा आला, आठवड्याभरात परात. ऑफिसातून आले की मी रवा भाजायला उभी. पोळी-भाजी करायला ना वेळ, ना पोटात जागा.

महिना भरला त्या शुक्रवारी मी मन घट्ट केलं आणि परात घासून, चक्क रिकामी, तिच्या दाराशी ठेवून आले. थोड्या वेळाने मामा तपासणीला हजर. येऊन थेट माझ्या पलंगावर बसला.

“काय काय करायला शिकलीस?”

“शिरा.”

“आणि?”

“अननस घालून शिरा.”

“खलास! बॅग भर.”

मला रडूच फुटलं. एवढ्यात धापा टाकत म्हातारी वर आली, परात छातीशी धरून. माझ्या कपाळाला हात लावून घाबऱ्या घाबऱ्या मोडक्या हिंदीत म्हणाली, “बीमार है? शिरा नहीं बनाया?” मग तिला मामा दिसला. तिने परात दोन्ही हातांनी उगारली. “ये आदमी कौन?”

मामा ताडकन उठला. बहरीनमध्ये आजवर माझी ओळख त्यानेच करून दिलेली, ‘ही माझी भाची’ म्हणून. आता दोघंही माझ्याकडे बघत होते.

मी डोळे पुसले. “मेहमान है,” मी म्हणाले.

बोलून गेले आणि माझी मलाच भीती वाटली. म्हातारीने परात खाली घेतली. मामा मात्र पलंगापाशी उभाच राहिला.

“बसू का मग?” त्याने विचारलं. “चहाला साखर कमी घाल.”