कुसाकाचं नवं काम

"उद्या दहा वाजता ऑफिसात या. सूट घालून." ऑक्टोबरात असा फोन आला की आमच्या संघाच्या वसतिगृहातल्या प्रत्येक खेळाडूला कळतं, कुणाचा तरी बेसबॉल संपला. सव्वीस वर्षं मी तिथे स्वयंपाक करतेय आणि त्या ऑफिसवाल्यांचा मला अजून राग येतो. काढायचं तर काढा, वर नटून कशाला बोलावता?

कुसाकाला फोन आला तेव्हा तो माझ्यासमोर मिसो सूप पीत होता. वय तेवीस. अठराव्या वर्षी आला तेव्हा त्याचा चेंडू ताशी एकशे त्रेपन्न किलोमीटरने यायचा आणि पेपरवाले फाटकाशी ठाण मांडून बसायचे. मग खांदा गेला. ऑपरेशन झालं, दोन वर्षं व्यायाम झाला, पण वेग काही परत आला नाही.

सूट एकच होता, करार झाला तेव्हा शिवलेला. मी इस्त्री करून दिला. घातला तर डावीकडे तंग आणि उजव्या खांद्यावर सैल. दुखऱ्या बाजूचं मांसच झडलं होतं. मला रडू आवरेना.

"मावशी, काढणार मला आणि रडताय तुम्ही," तो म्हणाला.

दुपारी परत आला तो थेट स्वयंपाकघरात.

"काढलं. पण दुसरं काम देतायत. सामन्याआधी आपल्याच फलंदाजांना सरावाचे चेंडू टाकायचे. सोपे, मारता येतील असे."

"मग?"

"हो म्हणालो. चेंडू तरी हातात राहील."

"बाबांना कळवलंस?"

तो सुटाची बटणं काढू लागला. वडील जपानच्या दक्षिणेला, कोचीकडे, जमिनीवर अंथरायच्या जाड तातामी चटया बनवतात. तो लहान असताना रोज संध्याकाळी दुकानामागे उकिडवे बसून त्याचे चेंडू झेलायचे. पोराचा चेंडू कुणी टोलवला की त्या दिवशी ते जेवायचे नाहीत.

"मुद्दाम मार खायचा पगार घेतो, हे त्यांना कसं सांगू?"

हिवाळा गेला तरी त्याने सांगितलं नाही. एप्रिलात मीच फोन करून सगळं सांगितलं आणि या म्हटलं. आगाऊपणा केला, पण केला.

ते आले, सामन्याआधीच स्टेडियमात माझ्या शेजारी बसले. खाली कुसाका चेंडू टाकत होता. समोर आमचाच फलंदाज इमुरा, शाळेच्या स्पर्धेत ह्याच कुसाकाने तीनदा बाद केलेला. पहिलाच चेंडू त्याने प्रेक्षकांत भिरकावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांच्या मुठी आवळल्या.

"खांदा दुखतो अजून?" त्यांनी विचारलं.

"रोज. रात्री बर्फ लावून बसतो."

दुसरा चेंडूही गेला, तिसराही. वडील पुढे वाकून बघत होते.

"तिन्ही एकाच जागी टाकलेत," ते हळूच म्हणाले. "बोटभरही फरक नाही."

"तेच तर काम आहे त्याचं, कुसाकासान," मी वडिलांना म्हटलं.

चौथा चेंडू कुंपणापार गेला. ह्या वेळी त्यांनी टाळी वाजवली. मग प्रत्येक फटक्याला वाजवत राहिले. डोळे वाहत होते, पण पुसायला हात मोकळा होत नव्हता.