पाद्रीबाबांच्या बायकोची तपासणी

आमचे पाद्री ॲम्ब्रोज टॉलंड माणूस वाईट नव्हते. फक्त गादीवर कोण बसलंय याची खात्री केल्याशिवाय ते जेवायलाही बसत नसत. थोरले राजे होते तोवर बाबा ब्रह्मचारी. त्यांचा पोरगा राजा झाला, पाद्र्यांना लग्नाची मुभा मिळाली, तर महिन्याभरात यांनी चीज विकणाऱ्या थॉमसिनशी लग्न लावलं. पोरगा गेला, थोरली बहीण राणी झाली आणि तिने पाद्र्यांना बायका सोडायला लावल्या. बाबांनी भर चर्चमध्ये शपथेवर बायको सोडली. त्यांची बदली तीन कोसांवर झाली.

दर गुरुवारी दुपारी, गाव शेतात असताना, ते थॉमसिनच्या घरी मागच्या दाराने येत. मी चर्चचा पंच. असलं काही दिसलं की वर कळवायचं, हे माझं काम. मी दर खेपेला ‘गावात सर्व ठीक’ एवढंच कळवलं. थॉमसिनला मुलगी झाली, तेव्हाही तेच कळवलं.

बाबांनी बायको सोडल्याला पाच वर्षं झाली, तेव्हा ती राणीही गेली आणि धाकटी बहीण राणी झाली. आता बायका परत मिळणार होत्या, पण आधी बिशपने आणि दोन न्यायाधीशांनी बाईची चालचलणूक तपासायची. आम्ही गाय घ्यायलासुद्धा इतके जण जात नाही.

“मला तपासणार? हे?” थॉमसिन उसळली. “माझं चीज खाऊन पोटं सुटलीत मेल्यांची!”

“एकदाच गं,” बाबा म्हणाले. “मग आपण तिघं एका घरात.”

ती नवी टोपी घालून, मुलीला घेऊन तपासणीला आली; बाबा आणि मी तिथे होतोच. तिला तो संसार मनापासून हवा होता.

एका न्यायाधीशाने मुलीकडे बोट दाखवलं. “नवऱ्याने सोडून पाच वर्षं झाली. पोर तीन वर्षांची. बाप कोण हिचा?”

बाबा बोलले असते, तर मोडलेली शपथ कागदावर आली असती. ही राणी तरी किती टिकेल, कुणाला ठाऊक! ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी माझ्या बुटांकडे. मला त्यांची लाज वाटली, आणि माझी जास्त.

थॉमसिनने बराच वेळ वाट पाहिली.

“वारला, साहेब,” ती म्हणाली.

“अरेरे,” बिशप हळहळले. “केव्हा?”

“आत्ताच.”