दूध काढायच्या वेळची गाणी

"अगं पोरी, माणसं ऐकत्यात. फोन करत न्हाईत, एवढंच," व्हर्लिन स्टोडोला म्हणाला आणि रेकॉर्डवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसत बसला.

जेनेल हाउप्टला ते पटलं नाही. तिच्या बापानं आमच्या विस्कॉन्सिनातल्या गावाबाहेर, मक्याच्या रानात मनोरा ठोकून हे रेडिओ स्टेशन काढलं. आता ते तिच्याकडं होतं. दिवसभर नुसती बडबड. जनावरांचे भाव, कुणाचा ट्रॅक्टर विकायचाय, कुणाची मयत कुठल्या चर्चमध्ये. दुपारी चारचा तास तेवढा व्हर्लिनचा, पोल्का नाचाच्या जुन्या गाण्यांचा. तो मोडून शहरातून येणारा चर्चेचा कार्यक्रम लावायचं तिच्या मनात होतं. शेवटी ती म्हणाली, उद्या तुमच्या तासात लोकांनाच विचारा. फोन आले तर तास राहील, नाहीतर सोमवारपासून बंद.

बायको डोरीन गेल्यापासून व्हर्लिनला तोंड उघडायला तेवढाच तास होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं निवडून निवडून रेकॉर्डी काढल्या. ज्या बँडानं अर्ध्या गावाची लग्नं वाजवली, त्याची आधी. त्यांच्या अकॉर्डियनच्या, म्हणजे गळ्यातल्या पेटीच्या, सुरावर गावातल्या बोहेमियन हॉल या नाचघराची लाकडी जमीन धडधडायची, बाया चपला हातात घेऊन नाचायच्या आणि बाप्ये बाहेर गाडीच्या टपावर बिअरच्या बाटल्या मांडायचे. त्या हॉलात आता खताच्या गोण्या असतात. बँडातला ढोलवाला तेवढा जिवंत आहे, तोही बहिरा.

"माझा तास ठिवायचा का शहरातली चर्चा लावायची, तुमी सांगा," व्हर्लिन माइकवर म्हणाला. "आत्ताच फोन करून सांगा."

फोन गप्प. रेकॉर्ड संपली, दुसरी लागली, तीही संपली. जेनेल दारात आली, फोनकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि माघारी गेली. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. व्हर्लिननं रेकॉर्डी खोक्यात भरल्या आणि घरी गेला.

आता चार वाजता आमच्याकडं काय चालतं, हे शेंबडं पोरही सांगेल. गोठ्यात खिळ्याला टांगलेला, माश्यांनी काळा केलेला रेडिओ, गायींच्या सडांना लावलेली यंत्रं आणि कोपरापर्यंत शेणानं भरलेले हात. फोन तिकडं घरात, भिंतीवर. अर्ध्यात गाय सोडून कोण पळणार? व्हर्लिनचा जन्म गायीखाली गेलेला. पण गोठा विकून बरीच वर्षं झाली, आणि अंगातलं घड्याळ बंद पडलं होतं.

संध्याकाळी जेनेल स्वतः माइकवर बसली. विषय शाळेच्या नव्या छपरासाठी कर वाढवायचा का. पहिला फोन डेल्मरचा, मनोऱ्याला लागून त्याचंच रान. तिनं विचारलं, छपराबद्दल काय म्हणणं?

"छपराचं बघू मागनं," डेल्मर म्हणाला. "माझ्या गायी त्या अकॉर्डियनवर दूध सोडत्यात. तिथं कुणी टायवाला वराडाया लागला, तर रिकाम्या बादल्या तुझ्या दारात आणून टाकीन."

त्याच्या मागून त्याची भावजय. मग पलीकडच्या खोऱ्यातला एकजण. मग एक म्हातारी, जिला नवरा त्या हॉलातच भेटला होता. "पाय तुडवले मेल्यानं माझे," म्हणत ती जी सुरू झाली ती थांबेना. शाळेचं छप्पर राहिलं बाजूला.

व्हर्लिन घरी बटाटे परतत हे सगळं ऐकत होता. बटाटे खाली लागले. कार्यक्रम संपल्यावर जेनेलचा फोन आला. तास राहिला म्हणाली. वर विचारलं, धारेच्या वेळी फोन करा म्हणायची अक्कल कुणाची?

"माझी," तो म्हणाला. "पण तू हाउप्टाची लेक. तुला तरी कळाया पायजे व्हतं."

ती हसली. म्हणाली, माझा घसा बसलाय, उद्या जनावरांचे भाव तुम्हीच वाचा.

दुसऱ्या दिवशी तो आला, कोट खुंटीला अडकवला, चष्मा नाकावर चढवला आणि डुकरांचे भाव वाचायला बसला.