मैलाराच्या कुत्र्यांची सोय

लातूर जिल्हा झाला, तेव्हा अहमदपुरात सगळ्यांत जास्त हुरळला तो मडिवाळप्पा. तोवर उस्मानाबादला जिल्हा कचेरीत जायचं म्हणजे जाताना भाकरी बांधून घ्यायची आणि काम न होता तीच शिळी करून परत आणायची. आता सरकारच उठून लातूरला आलं म्हटल्यावर आज ना उद्या ते आपल्या लॉजात उतरणार, असा त्याचा सरळ अंदाज.

लॉज म्हणजे एस.टी. स्टँडामागं चार खोल्या, वर गच्ची आणि खाली त्याच्या बायकोचा, बसम्माचा स्वयंपाक. पण मडिवाळप्पा जन्मात एकदा महाबळेश्वरला जाऊन आला होता आणि तिथल्या हॉटेलांच्या पाट्या काही केल्या त्याच्या डोक्यातून उतरत नव्हत्या. आल्या आल्या त्यानं पेंटर धरून आणला आणि दारावर लिहून घेतलं : ‘श्री सांब विश्रांतीगृह. हवापालटीचे उत्तम ठिकाण.’

“अप्पा, इथं कसली हवा पालटती?” कुणी विचारलंच, तर तो म्हणायचा, “पालटती की! सकाळी गरम, दुपारी लई गरम.”

त्या पाटीखाली दुसरी ओळ होती, ती बसम्माची. धर्माबादचा एक मिरची व्यापारी आपलं लाडकं कुत्रं घेऊन उतरला होता. बसम्मा लिंगपूजेला बसली आणि इकडं कुत्र्यानं नैवेद्याच्या हुग्गीत तोंड घातलं. गव्हाची ती खीर गेली, व्यापारी गेला, आणि पाटीवर अक्षरं आली : ‘कुत्र्यांना सक्त मनाई.’ बसम्मा कर्नाटकाकडची. रागावली की आधी कानडीत रागवायची आणि मग आपल्याला कळावं म्हणून मराठीत.

नवा जिल्हा आला आणि त्याच्या मागोमाग दुष्काळ आला. लॉजातल्या आडात बादली सोडली की वर येताना तिच्यात पाण्यापेक्षा आवाजच जास्त. गिऱ्हाईक यायचं, खोलीआधी न्हाणी बघायचं आणि पिशवी उचलून चालू लागायचं. टँकर मिळाला नाही तर लॉजला कुलूप लागणार, आणि मेहुण्याच्या आडतीवर पोती उचलायला जावं लागणार, हे मडिवाळप्पाला स्वच्छ दिसत होतं. मेहुणा म्हणजे बसम्माचा भाऊ गुरुलिंग. तो तर वाटच बघत होता. भेटला की प्रेमानं विचारायचा, “दाजी, अजून उघडंच हाय का?”

अशात निरोप आला, टंचाईचे साहेब येणार. टँकर कुठं जायचा, ते यांच्या तोंडच्या शब्दावर. सरकारी बंगला भरलेला, म्हणून मुक्काम ‘श्री सांब’मध्ये. मडिवाळप्पानं खोलीत उदबत्ती लावली, गादीची कमी डाग असलेली बाजू वर केली.

रविवारी जीप आली. पुढून साहेब उतरले आणि मागून वासराएवढं कुत्रं उतरलं.

“मंडळी माहेरी गेलीत,” साहेब म्हणाले. “हा माझ्याशिवाय जेवत नाही.”

बसम्मा दारात उभी राहिली. “अय्यो शिवने! साहेब आत, नायी बाहेर.”

“नायी?”

“कुत्रं ओ. आमच्या कानडीत नायी म्हणतात.”

“अगं, साहेब नायगावचे हायत,” मडिवाळप्पानं वळण द्यायला बघितलं.

“मग तरीच!”

साहेबांचा चेहरा उतरला. “जिथं हा नाही, तिथं मी नाही. ड्रायव्हर, गाडी वळव.”

मडिवाळप्पाला जीप वळताना दिसलीच नाही. दिसला तो वळून चाललेला टँकर, आणि त्याच्यापलीकडं गुरुलिंगाची पोती.

साहेबांनी जाता जाता ओट्याकडं बोट केलं. “आमच्या कुत्र्याला मनाई. आणि हे कोण बसलंय जेवत?”

बसम्माला सगळं यायचं, खोटं बोलणं तेवढं येत नसे. ती म्हणाली, “ते मैलाराचं कुत्रं.”

ओट्यावर दगडोबा बसला होता. दगडोबा वाघ्या. आईबापानं नवस फेडायला लहानपणीच खंडोबाला वाहिलेला. खंडोबा तोच मैलार, आणि वाघ्या म्हणजे देवाच्या दारचं कुत्रं. दर रविवारी तो यायचा. बसम्मा त्याच्या लाकडी कोटंब्यात भाकरी-भाजी वाढायची, तो देवाच्या नावानं एकदा भुंकायचा आणि जेवायचा. यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

साहेब चकित. “तुम्ही कुत्रा?”

“हाव, हाव!” दगडोबा म्हणाला. आता हा होकार होता का भुंकणं, हे आपल्या बोलीत सांगणं अवघड.

“म्हणजे बाई, कुत्रं चालतं तुम्हाला. फक्त देवाचं पाहिजे.”

दगडोबा हात चाटत उठला आणि पाव्हण्याला नीट न्याहाळू लागला.

“नाव काय ओ ह्याचं?”

“टायगर.”

“मंजी?”

“म्हणजे वाघ.”

“वाघ?” दगडोबाचे डोळे विस्फारले. “अम्मा! आवं, ह्यो तर वाघ्याच की! बिनभंडाऱ्याचा हिंडून राहिलाय गरीब!” त्यानं पिशवीतून चिमूटभर हळद काढली, कुत्र्याच्या कपाळावर फासली आणि आरोळी ठोकली, “येळकोट येळकोट, जय मल्हार!”

टायगर दचकला आणि एकदाच भुंकला.

“ऐकलं? हुंकार दिला!”

बसम्माचे हात आपोआप जुळले. ती बाजूला सरली, पण बजावलंच, “आत येऊ द्या. चुलीकडं मात्र न्हाई. देवाचा असला तरी नायीच त्यो.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टायगरच्या आंघोळीला पाणी मागितलं. मडिवाळप्पा तांब्या घेऊन आला.

“एवढ्यात आंघोळ?”

“साहेब, हे सगळ्या लॉजाचं प्यायचं हाय.” आणि संधी साधून तो पुढं म्हणाला, “एक टँकर द्या. जलमभर नाव घेईन.”

“लॉजला देता येत नाही. आणि तुमच्या गल्लीत नळ आहे.”

“नळ हाय. पाणी न्हाई.”

“नळ आहे ना? मग कागदावर तहान नाही.” साहेब वाईट नव्हते, नियमातले होते. त्यांनी जीभ बाहेर काढून बसलेल्या टायगरकडं बघितलं. “जनावरांच्या पाण्याला मात्र हरकत नाही. जिथं जनावरं मुक्कामाला असतील तिथं टँकर जातो. पण तुमच्या तर दारावरच मनाई!”

मडिवाळप्पा चप्पल न घालताच पेंटरकडं धावला. पेंटर आळशी. त्यानं लागेल तेवढंच पुसलं, आणि पाटी झाली : ‘हवापालटीचे उत्तम ठिकाण. कुत्र्यांची उत्तम सोय.’

साहेब गेले, टायगर गेला, आणि मग टँकर आला. ड्रायव्हर चंद्रप्पानं नळी हातात घेतली आणि खिंडीत गाठलं, “पाणी जनावराचं हाय. जनावर दावा.”

मडिवाळप्पा इकडं तिकडं कुत्रं शोधू लागला. पण घागरी घेऊन जमलेल्या गल्लीनं हे ऐकलं होतं. शेजारची जगदेवी, जिनं आजवर कुत्र्याला दगडाशिवाय काही दिलं नव्हतं, ती एक खरजुलं कुत्रं लुगड्याच्या चिंधीनं ओढत आली.

“हे आमचं.”

“कवापासून?”

“ल्हानपणापासून! पोटच्यावानी वाढवलंय.”

मग काय! बघता बघता अहमदपुरात एक कुत्रं बेवारशी उरलं नाही. एका लंगड्या कुत्रीवरून दोन घरांचं भांडण लागलं. शेवटी गुरुलिंगही घागर खांद्यावर घेऊन, कुत्रं कडेवर बसवून हजर झाला.

“दाजी, आमच्याबी लेकराची सोय बघा.”

“बघू की,” मडिवाळप्पा म्हणाला. “अजून उघडंच हाय.”

चंद्रप्पानं त्या वरातीकडं बघितलं. “ही समदी हवापालटीला आली?”

“हाव!” सगळी गल्ली एका सुरात. आणि हसत हसत त्यानं नळी आडात सोडली.

बसम्मा पदर खोचून आडावर उभी राहिली आणि घागरी भरू लागली. सगळ्यांत शेवटी दगडोबा आला. त्याच्या एका हातात कोटंबा आणि दुसऱ्या हातात घागर.

“अम्मा, मला कशात धरता? माणसात का कुत्र्यात?”

बसम्मानं त्याची घागर काठोकाठ भरली.

“कुत्र्यातच ऱ्हा बाबा,” ती म्हणाली. “माणसाचं पाणी अजून मंजूर व्हायचंय.”