पोलोन्नरुवातली ऑर्डर

मी न्यूझीलंडच्या सैन्यात इंजिनिअर कॉर्पोरल होते. वाढले पुकेकोहेला, पोस्टिंग ख्राइस्टचर्चजवळ. तिथून आमचं सेक्शन सहा आठवड्यांच्या संयुक्त ट्रेनिंगसाठी श्रीलंकेला गेलं. ०५३० ला पीटी, ०७०० पासून पूल बांधणं, रविवारी सुट्टी. मराठी मंडळात कोणी विचारलं तर मी इथवर सांगते आणि विषय बदलते. आज बदलणार नाही.

तिसऱ्या रविवारी मी आणि माझा ड्रायव्हर हेमी पोलोन्नरुवा बघायला गेलो. सिंहली राजांची जुनी राजधानी. वाट दाखवायला त्यांच्या सैन्यातला लान्स कॉर्पोरल बंडारा होता, माझ्याहून एक हुद्दा खालचा. राजवाड्याच्या जाड विटांच्या भिंती, राजसभेच्या जोत्यावर कोरलेले हत्ती. प्रत्येक विहारापाशी बंडारा टोपी आणि बूट काढायला लावायचा. दगड तव्यासारखे तापलेले.

"जॅंडल्स आणायला हव्या होत्या, कॉर्पोरल," हेमी कुरकुरला. जॅंडल्स म्हणजे आमच्याकडच्या रबरी चपला.

"त्याही काढायला लावल्या असत्या," बंडारा म्हणाला. "इथे राजाचीही सुटका नव्हती."

११४० ला उंच गवतापलीकडे एक मोडकं शिवालय दिसलं. मी गवताच्या कडेलाच बूट काढले. हेमीनेही काढले.

"मॅडम, बूट पायऱ्यांपर्यंत असू द्या," बंडारा म्हणाला. "साप असतात."

मी भडकले. "तुमच्या विहारात आम्ही मुकाट्याने काढले. आमच्या देवाला वेगळा नियम?"

"नियम देवाचा नाही, मॅडम. गवताचा आहे."

"बूट काढ. ऑर्डर आहे."

न्यूझीलंडमध्ये साप नाहीत. लहानपणी मी डेअरीत दूध आणायलाही अनवाणी जायचे. गवताला घाबरायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. त्याला ठाऊक होतं. त्याने बूट काढले आणि आम्हाला मागे ठेवून स्वतः पुढे झाला.

दहाबारा पावलांवर त्याने पाय झटकला. घोणस होती. मी रेडिओ काढला.

"बेस, दिस इज टू-वन. कॅज्युअल्टी. स्नेक बाइट, डावा घोटा. ओव्हर."

"टू-वन, हॉस्पिटलला कळवतो. त्याला चालू देऊ नका. आउट."

हेमीने आणि मी त्याला गाडीपर्यंत उचलून नेलं. १२२५ ला हॉस्पिटल. औषध वेळेत मिळालं. तरी तिसऱ्या दिवशी किडन्या बंद पडल्या.

त्याच्या ऑफिसरने खाटेशी उभं राहून विचारलं, "बूट का काढले होतेस?"

"गरम होत होतं, सर. माझीच चूक."

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. ज्या तोंडाने ऑर्डर दिली, ते तोंड उघडलं नाही. रिपोर्टमध्ये तेच वाक्य गेलं. चौथ्या दिवशी १४१० ला तो गेला.

अंत्यविधीला त्याच्या आईने माझे दोन्ही हात धरले आणि मुलाला उचलून आणल्याबद्दल आभार मानले. मी ते आभार घेतले.

सैन्य सोडल्यावर मी खरं काय ते सिंहलीत लिहून घेतलं आणि तिला पाठवलं. उत्तर आलेलं नाही. ते मागण्याचा मला हक्कही नाही.

लान्स कॉर्पोरल बंडारा सव्वीस वर्षांचा होता. चूक त्याची नव्हती.