डोळे मिटून बसणारी

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या सांता क्लारात असताना ताजं आलं आणि हातभर लांब मुळे घ्यायला मी एका जपानी दुकानात जायचो. तिथे जपानमधून आलेल्या व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळत. शनिवारी दुपारी कोपऱ्यातल्या टीव्हीवर तिकडच्या गाजलेल्या कादंबऱ्यांवरची कार्टून मालिका लावलेली असे. समोर स्टुलावर एक म्हातारी बाई, मांडीवर पिशवी घेऊन, डोळे घट्ट मिटून बसलेली.

मला वाटायचं, डुलकी लागली असेल. पण मधेच मालिकेतल्या कुणाच्या तरी बोलण्यावर ती खुदकन हसायची. एकदा मला राहवलं नाही.

“तुम्ही बघत का नाही?”

“ही कादंबरी मी शाळेत असताना वाचली,” ती सावकाश इंग्रजीत म्हणाली. “त्यातल्या मुलीला मी माझ्या बहिणीचा चेहरा दिला होता. बहीण युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेली, घरातले फोटोही जळाले. आता इथे ही चित्रातली मुलगी पाहिली, तर तो चेहरा पुसला जाईल.”

टीव्हीवरचं संगीत मंद झालं.

“आता काय दिसतंय?” तिने विचारलं.

“बर्फ पडतोय. मुलगी लांब चाललीय. पाठमोरी आहे.”

तिने डोळे उघडले.

बर्फातून ती मुलगी चालत राहिली आणि म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मुलगी वळणार असं वाटलं की लगेच सांगायचं, एवढंच माझं काम होतं. मुळ्यांची पिशवी हातात धरून मी उभा होतो, पापणीही लवू न देता.