चांदपाशाभाईंची राहिलेली ओ

लातुरात क्लासेसच्या गल्लीत चांदपाशाभाई पोरांच्या नोट्सना बाइंडिंग करायचे. शेजारच्या गाळ्यात मी प्रश्नपत्रिका टाईप करायचो आणि फावल्या वेळात इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशातले लेख तपासायचो. बायको त्याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणायची. म्हणू दे. पुराव्याशिवाय एक ओळ ठेवायची नाही, हा माझा खाक्या होता.

त्यांची मुलगी जेबा डॉक्टरकीच्या क्लासला होती. अभ्यासातून वेळ चोरून तिने ‘ओ’ नावाचा एक व्हिडिओ गेम केला. भूकंपात पडलेलं घर, ढिगाऱ्याखाली आपण, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. पलीकडून एक बाई हाका मारते. बटण दाबून ओ द्यायची. दिली नाही, तर तिचा आवाज खोल जात जातो. मी एकदाच खेळलो आणि घाबरून बंद केला.

त्याच पावसाळ्यात जेबा डेंग्यूने गेली. एकोणीस वर्षांची होती. तिच्या मैत्रिणीने त्याच ज्ञानकोशात गेमवर लेख लिहिला आणि महिन्याभरात त्यावर सूचना लागली: सात दिवसांत संदर्भ द्या, नाहीतर लेख काढू.

भाई म्हणाले, “सर, कायबी करा. तिचं नाव येवढ्या एकाच जागी हाय.”

मी लेख तपासायला घेतला. त्यात एक वाक्य होतं: गेममधली बाई म्हणजे निर्मातीची आजी.

“ह्याला पुरावा काय, भाई?”

“पुरावा? म्या होतो की तिथं. किल्लारीकडं आमचं गाव. धा वर्साचा होतो. अम्मी भिंतीपलीकडून हाका मारून राहिली, ‘चांद, अरे चांद.’ म्या भ्यालो होतो, ओ दिली न्हाई. दुपारपर्यंत हाका आल्या, मंग थांबल्या. जेबाला येकदाच सांगितलं. तिनं मंग ते बटण केलं, माझ्यासाठी.”

तरी मी म्हणालो, “छापलेलं काही पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपरचं जपून ठेवलेलं कात्रण आणलं. जेबाचा फोटो, बारावीचे गुण आणि खाली क्लासचं नाव. ती क्लासची जाहिरात होती. त्या क्लासची पायरीही जेबा चढली नव्हती. हुशार पोरगी दिसली की इथे दोन-दोन क्लास तिला आपली म्हणतात. दुसरं काहीच नव्हतं, म्हणून मी तेच जोडलं. सातवा दिवस होता.

संध्याकाळी वरच्या तपासनिसाचा निर्णय आला. लेख ठेवला होता. आजीचं वाक्य उडवलं होतं, संदर्भ नाही म्हणून. त्या जागी नवी ओळ होती: निर्माती अमुक क्लासची गुणवंत विद्यार्थिनी. तिच्यापुढे संदर्भाचा आकडा, एक. मी वाक्य परत घातलं, त्याने परत उडवलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं, आणि ह्याचीच मला किळस आली.

भाईंनी पडद्यावर बोट ठेवून लेख शेवटपर्यंत वाचला.

“क्लासचं नाव ऱ्हायलं,” ते म्हणाले.

“हो. छापलेलं आहे ना.”

“आन् अम्मी?”

मी मान खाली घातली.

“सर, कोन तरी इचारून राहिलंय,” ते हळूच म्हणाले, “आन् तुमीबी ओ देईनात.”